चाकांवरचं वन आरके

सेकंडहॅण्ड ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा, त्यात मनासारखे कप्पे करून घ्यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडीमागे जोडून सुटायचं... स्वप्न एकदम झकास आहे. फक्त ड्रिल मशीन हातात घेण्याआधी वजनकाटा हातात घ्या. आम्ही नेमकं उलटं केलं. त्याची ही गोष्ट!

"आई, आम्ही अजून एक घर घेतलं. याला चाकं आहेत!"

फोनवर दोन सेकंद शांतता. मग डोंबिवलीहून प्रश्न आला, "भाड्याचं का गं?"

"विकत! १९ फूट लांब, आठ फूट रुंद."

आईनं मनातल्या मनात गुणाकार केला असावा. "म्हणजे आपलं जुनं वन आरकेच की! त्यात आपण पाचजण राहायचो. तुम्ही दोघं काय, ऐसपैस!"

बरोबरच होतं तिचं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं वन आरकेच. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्या एसयूव्हीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे हुकानं जोडायचा आणि ओढत न्यायचा. आत पलंग, दोन शेगड्या, इवलासा फ्रीज, बेसिन, टॉयलेट, शॉवर असं सगळं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाकं असतात, त्याला 'डायनेट' म्हणतात. रात्री टेबल खाली उतरवलं की त्याचा पलंग होतो. चाळीत वाढलेल्या माणसाला हे तंत्र कुणी शिकवावं लागत नाही!

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, आणि या ट्रेलर प्रकरणात डेट्रॉइटचा मोठा हात आहे. आर्थर शर्मन नावाचे एक बॅक्टेरिऑलॉजिस्ट इथे होते. १९२९ च्या सुमाराला ते कुटुंबाला घेऊन तंबूच्या घडीच्या ट्रेलरमधून सहलीला गेले. पाऊस आला आणि काही मिनिटांत उभा राहणार असं सांगून विकलेला तो तंबू काही केल्या उभा राहीना. सगळं कुटुंब भिजलं. वैतागलेल्या शर्मननी सहा फूट रुंद, नऊ फूट लांब अशी पक्क्या भिंतींची खोलीच चाकांवर बांधून घेतली. मधे चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना कपाटं. मुलांनी तिचं नाव ठेवलं 'कव्हर्ड वॅगन'. त्याच नावाची त्यांची कंपनी १९३० च्या दशकात देशातल्या मोठ्या ट्रेलर कंपन्यांपैकी एक झाली. थोडक्यात काय, ट्रेलरच्या जन्मापासून प्रश्न एकच आहे... सामान ठेवायचं कुठे?

ओल ओळखा, मगच पाकीट उघडा

सेकंडहॅण्डच का? सोप्पं आहे. करोनाच्या काळात विमानं बंद, हॉटेलं बंद. मग अमेरिकेनं ट्रेलर घेण्याचा सपाटा लावला. २०२१ मध्ये इथल्या कंपन्यांनी ट्रेलर आणि मोटरहोम मिळून सहा लाखांच्या आसपास गाड्या बाजारात पाठवल्या, तो विक्रमच होता. २०२३ पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. हौस फिटलेल्या अनेकांचे ट्रेलर मग अंगणात उभे राहून विकायला निघाले. आमचा २०१२ चा ट्रेलर असाच एका शेजारच्या गावातल्या आजोबांकडून मिळाला. साडेसात हजार डॉलर, वर पाण्याचे पाइप आणि भरपूर सल्ला फ्री.

जुन्या ट्रेलरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेनं झिरपतं आणि भिंतीच्या आतलं लाकूड कुजवत बसतं. वरून वॉलपेपर छान दिसत राहतो. पण जुलैतली मुंबईची भिंत ज्यानं पाहिली आहे, त्याला ओल शिकवायची गरज नसते! नवऱ्यानं आधी नाकानं तपासणी केली, कुबट वास आला की तिथून निघायचं. मग कोपऱ्याकोपऱ्यात पाय दाबून पाहिलं, जमीन कुठे मऊ लागते का. बाहेरून भिंतीला फुगवटा आहे का, ते उन्हात तिरकं उभं राहून पाहिलं. शेवटी ओल मोजायचं छोटं यंत्र सगळ्या कोपऱ्यांना लावलं.

तपासणीत ट्रेलर पास झाला. टायर मात्र नापास! टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. आमचे टायर आठ वर्षांचे निघाले. नक्षी अगदी नवी दिसत होती, पण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांत बदललेले बरे.

फळी पडली, अक्कल आली

आता खरी धम्माल सुरू झाली. आतलं तपकिरी लाकूड पांढरं रंगवलं. पडदे बदलले. आणि मग दिसेल त्या रिकाम्या जागेत मला कप्पे दिसायला लागले. पलंगाच्या डोक्याशी फळी, बेसिनवर फळी, दारामागे फळी!

पहिली फळी आम्ही मसाल्यांसाठी लावली. घरच्या भिंतीला लावतो तशी, चार स्क्रू मारून. पहिल्याच फेरीत ती हळदीसकट खाली आली. पांढरा पलंग पिवळाधमक!

गंमत अशी आहे की ट्रेलरची भिंत ही आपल्याला वाटते तशी भिंतच नसते. वॉलपेपर चिकटवलेला जेमतेम तीन मिलिमीटरचा प्लाय असतो. त्याच्या मागे थोड्या-थोड्या अंतरावर बारीक लाकडी पट्ट्या किंवा अॅल्युमिनियमची चौकट, आणि मधल्या जागेत थर्मोकोल किंवा ग्लासवूल. स्क्रू त्या पट्टीत गेला तरच धरतो, नुसत्या प्लायमध्ये मारला तर कागदात मारल्यासारखं. शिवाय मागे वायरी असतात. स्क्रू फार लांब असला तर थेट बाहेरच्या पत्र्यातून डोकावतो आणि पावसाला आयतं भोक मिळतं. म्हणून आधी भिंतीतली पट्टी शोधायचं यंत्र फिरवायचं, खूण करायची आणि बेतशीर लांबीचा स्क्रू मारायचा. छताला हातच लावायचा नाही.

त्यात धक्के! एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून जो कोकणात गेलाय, त्याला ट्रेलरमधल्या सामानाचे हाल बरोबर कळतील. म्हणून कपाटाला नुसतं चुंबकाचं कॅच पुरत नाही, दाबल्याशिवाय न उघडणारी कडी लागते. कप्प्यात रबरी जाळीची चटई अंथरायची, म्हणजे डबे घसरत नाहीत. वरच्या कपाटात आडवा स्प्रिंगचा दांडा अडकवायचा. नाहीतर मुक्कामाला पोचून दार उघडलं की पोह्यांचा डबा डोक्यात!

एवढं शिकल्यावर आमचा आत्मविश्वास जाम वाढला. इंडियानातलं एल्कहार्ट हे गाव आमच्यापासून तीन तासांवर. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर या गावात आणि आजूबाजूला बनतात. कारखान्यांतून उरलेली कपाटाची दारं, कड्या, उश्या, बिजागऱ्या विकणारी सरप्लसची दुकानं तिथे आहेत. आमच्यासाठी ती अलिबाबाची गुहाच! गाडी भरून माल आणला.

ट्रेलरच्या मागच्या टोकाला एकावर एक असे दोन छोटे बंक होते. मुलांसाठीचे. ते काढून टाकले आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत भलंमोठं फडताळ बांधलं. १८ मिलिमीटरचा प्लाय, नऊ कप्पे, खाली तीन ड्रॉवर. स्टडमध्ये पक्के स्क्रू, ड्रॉवरना पक्क्या कड्या. फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. सगळ्यांचा एकच सूर, "वॉव! कसलं सॉलिड आहे!"

सॉलिड होतंच. तेच तर नडलं.

आय-७५ वरची ती दहा सेकंदं

जूनमध्ये आई-बाबा आले. ट्रेलर बघून आईनं पहिलं काम काय केलं असेल, तर फडताळ भरलं. कुकर, दोन कढया, स्टीलचे डबे, पोळपाट-लाटणं, पाच किलो तांदूळ, दहा किलो कणीक. "बाहेर मिळालं नाही तर?" हा तिचा सनातन प्रश्न. मागच्या बंपरवर आम्ही रॅक लावून दोन सायकली बांधल्या. पाण्याची टाकी ३० गॅलनची, म्हणजे ११३ लिटर. तीही काठोकाठ भरली. चाळीत वाढलेली माणसं पाणी भरून ठेवायला विसरत नाहीत!

बेत होता मॅकिनॉचा पूल बघायचा. मिशिगन राज्याचे दोन तुकडे जोडणारा आठ किलोमीटरचा हा झुलता पूल १९५७ साली खुला झाला. आमच्या घरापासून साडेचारशे किलोमीटर, सरळ उत्तरेला.

आय-७५ हायवेवर दीड-दोन तास मस्त गेले. मग डावीकडून एक मोठा ट्रक जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरची शेपटी हलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग अजून जास्त डावीकडे. आता ट्रेलर आमच्या गाडीला हलवत होता. आरशात मला आमचं पांढरं घर शेजारच्या लेनमध्ये जाऊन परत येताना दिसलं. मागच्या सीटवर आईची रामरक्षा सुरू झाली.

नवऱ्यानं ब्रेकवर पाय ठेवला नाही, हे आमचं नशीब. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबला किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर ट्रेलर गाडीला फिरवून आडवी करू शकतो. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे. त्यासाठी डॅशबोर्डखाली एक छोटा कंट्रोलर असतो. जुन्या मालकानं सल्ले दिले होते ना, त्यातला हा एक. दहा सेकंदांत ट्रेलर सरळ झाला. दहा सेकंद म्हणजे किती मोठी असतात, ते त्या दिवशी कळलं.

पुढच्या एक्झिटला गाडी थांबवली. कुणीच बोलत नव्हतं. बाबा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, मागच्या सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी उलाळ झालीय."

बाबांचं लहानपण गावाकडे गेलं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी मागे झुकते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही. त्याला म्हणतात उलाळ होणं. मी इतके दिवस यावर इंग्रजी व्हिडिओ बघत होते. बाबांनी एका शब्दात निदान केलं!

वजनकाट्यावर दूध का दूध

अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात. कॅट स्केल नावाचे. कुणीही गाडी नेऊन वजन करून घेऊ शकतो, पंधरा-वीस डॉलरच्या आतबाहेर खर्च येतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं अशी वेगवेगळी वजनं छापलेली चिठ्ठी मिळते. एकदा ट्रेलर जोडून वजन करायचं. मग ट्रेलर बाजूला उभा करून, माणसं तीच ठेवून, नुसत्या गाडीचं. दोन्ही एकूण आकड्यांतला फरक म्हणजे ट्रेलरचं वजन. आणि ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या चार चाकांवर जेवढा भार वाढला, तेवढा ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा, म्हणजे हुकावरचा भार.

बाबांनी चिठ्ठीच्या मागेच हिशेब मांडला. आमच्या ट्रेलरचं जास्तीत जास्त एकूण वजन किती असावं, ते बाहेरच्या प्लेटवर छापलेलं आहे, ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो. आमचं भरलं २,३३०. म्हणजे ६२ किलो जास्त. हे पहिलं पाप. दुसरं त्याहून मोठं. हुकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. आमचा होता २०५ किलो, म्हणजे नऊ टक्क्यांच्याही खाली. बैलाच्या मानेवर भारच नव्हता!

दोष कुणाचा? माझ्या सॉलिड फडताळाचा. नुसतं रिकामं फडताळ ७५ किलोचं होतं. अठरा मिलिमीटर प्लायची पूर्ण आठ बाय चारची शीट साधारण ३० किलो भरते, आणि आम्ही अडीच शीट लावल्या होत्या. त्यात आईचा संसार, त्याच्याही मागे सायकली. सगळं चाकांच्या मागे.

खरं सांगायचं तर उत्तर दाराशेजारी पिवळ्या स्टिकरवर आधीपासून लिहिलेलं होतं. २००८ पासून अमेरिकेत बनणाऱ्या ट्रेलरवर तसा स्टिकर लावावाच लागतो. आत किती वजनाचं सामान भरता येईल, त्याचा आकडा त्यावर असतो. आमचा ४३१ किलो. त्यातच पाणी, त्यातच कपडे, त्यातच आपण बांधलेली प्रत्येक फळी आणि प्रत्येक स्क्रू. मी रंगकामात तो स्टिकर सांभाळून मास्किंग टेपनं झाकला होता. वाचला मात्र नव्हता!

म्हणजे फंडा असा. घरात जागा फुटात मोजतात. ट्रेलरमध्ये ती किलोत मोजायची. कप्पा रिकामा दिसतोय म्हणून भरायचा नाही. आणि ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला हवी? मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरसमोर बॅग उघडून, लोणच्याची बरणी या बॅगेतून त्या बॅगेत टाकत, तेवीस किलोत संसार बसवणारी आपण माणसं! ट्रेलर म्हणजे तशीच एक मोठी बॅग. फरक एवढाच की इथे काउंटरवर अडवायला कुणी नसतं. बॅग तशीच हायवेवर जाते.

त्या दिवशी आम्ही पाण्याची टाकी तिथेच रिकामी केली, कुकर-डबे-तांदूळ-कणीक सगळं उचलून पुढच्या डिकीत टाकलं आणि हळूहळू घरी परत आलो. सहल कॅन्सल.

आईची आयडिया, बाबांची वही

पुढचे दोन वीकेण्ड दुरुस्तीचे. या वेळी इन्चार्ज होती आई. वन आरकेत तीस वर्षं काढलेल्या बाईपेक्षा मोठा इंटिरियर डिझायनर कोण? आणि बाबांनी बॅगा तोलायचा हातातला इलेक्ट्रॉनिक काटा काढला. विमानप्रवास करणाऱ्या प्रत्येक मराठी आई-बाबांकडे तो असतोच! एक वही उघडली. ट्रेलरमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्याला लटकवायची, मग वहीत लिहायची, मगच आत.

फडताळ मोडलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? हलक्या पट्ट्यांची चौकट तेवढी ठेवली, दोन फळ्या सहा मिलिमीटरच्या प्लायच्या केल्या आणि बाकी सगळे कापडी कप्पे लटकवले. ७५ किलोचं ३० वर आलं. तिथे आता फक्त कपडे, टॉवेल, जॅकेट, चादरी.

डायनेटच्या बाकांखाली भरपूर जागा असते, पण दर वेळी गादी उचलून वरून काढावं लागतं. मग ते वापरलंच जात नाही. आम्ही बाकाच्या पुढच्या बाजूला छोटी दारं कापली. मात्र करवत चालवण्याआधी आत डोकावायचं! कुठल्या बाकाखाली पाण्याचा पंप असतो, कुठे गिझर, कुठे वीज बदलणारा कन्व्हर्टर. त्याच्यापुढे सामान ठासलं तर हवा खेळत नाही आणि तो तापतो. हीटरच्या जाळीसमोरही काही ठेवायचं नाही. आमचं एक बाक असं कायमचं रिकामं आहे आणि तसंच राहणार.

पुढच्या पलंगाला गॅसच्या दांड्या लावल्या. त्याच त्या, गाडीच्या डिकीचं दार वर धरून ठेवतात. आपल्याकडच्या हायड्रॉलिक बेडसारखा पलंग एका हातानं वर जातो. कुकर, कढई, तांदूळ अशा जड वस्तू त्याच्याखाली, म्हणजे चाकांच्या पुढे आणि जमिनीलगत. हत्यारं, जॅक, केबल पुढच्या डिकीत. वरच्या कपाटात फक्त कुरमुरे, पापड, प्लॅस्टिकच्या प्लेटा.

पांघरुणं उशांच्या अभ्र्यात गुंडाळून भरली, दिवसा त्याच डायनेटच्या टेकायच्या उशा. "आमच्या वेळी वळकटी म्हणायचे याला," इति आई. दारामागे बूट ठेवायचा कप्प्याकप्प्यांचा कापडी पडदा टांगला. त्यात टॉर्च, औषधं, काड्यापेटी, चार्जर, सगळं एका नजरेत. सुऱ्यांना भिंतीवर चुंबकाची पट्टी, प्रवासात मात्र सुऱ्या ड्रॉवरमध्ये. स्टीलचे डबे गेले, मिसळणाचा डबा राहिला. "सात वाट्या, एक झाकण. याच्यापेक्षा चांगलं स्टोरेज तुमच्या अमेरिकेत असेल तर दाखव," आईनं आव्हान दिलं. अजून कुणी दाखवलेलं नाही.

सायकली बंपरवरून उतरल्या त्या कायमच्याच. ट्रेलरचा मागचा बंपर दिसायला दणकट, पण बऱ्याचदा तो पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी असते. सायकलींचा हिसका त्याच्या वेल्डिंगला झेपेलच असं नाही. त्या पोकळीत आता फक्त सांडपाण्याचा पाइप ठेवतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप त्याच्याजवळही नाही, हे सांगायला नकोच.

पुन्हा काटा. २,१४० किलो. बाबांच्या वहीत १९० किलोचा चोख हिशेब होता. पाणी ८३, प्लाय ४५, सायकली ३२ आणि आईचा संसार ३०. टाकीत आता तीसच लिटर पाणी नेतो, बाकीचं कॅम्पग्राउंडवर नळ असतोच. हुकावरचा भार २५७ किलो, म्हणजे बरोब्बर १२ टक्के. बाबांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

ट्रेलरमध्ये कप्पे वाढवताय? हे लक्षात ठेवा

• आधी स्टिकर वाचा, मग रिकाम्या ट्रेलरचं काट्यावर वजन करा. जुन्या मालकानं एसी, बॅटरी, फर्निचर वाढवलेलं असू शकतं.
• चाकांच्या पुढे साधारण ६० टक्के सामान, मागे ४० टक्के. जड वस्तू खाली, हलक्या वर. डावी-उजवी बाजूही सारखी.
• एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली टाकी म्हणजे एक अख्खा जादा माणूस, किंवा दीड!
• प्लायऐवजी कापड, जाळी, पातळ पट्ट्या. दार लावण्याआधी पडद्यानं भागतंय का बघा.
• स्क्रू फक्त चौकटीत. बाहेरून भोक पडलंच तर त्याच दिवशी सीलंट. छताचे सांधे वर्षातून दोनदा तपासा.
• गॅस, पंप, फ्यूज, कन्व्हर्टर यांच्यापर्यंत हात पोचलाच पाहिजे.
• ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची क्षमताही बघा. हुकावरचा भार त्या गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात धरावा लागतो.
• वर्षभर न वापरलेली वस्तू खाली उतरवा. माळ्यावर टाकतो तसं ट्रेलरमध्ये टाकायचं नाही.

आणि मग पूल ओलांडला

जुलैच्या शेवटी पुन्हा निघालो. त्याच रस्त्यावर, जवळपास त्याच जागी, एक ट्रक तसाच जोरात पुढे गेला. गाडीतले चौघंही गप्प झालो. ट्रेलर किंचित हलला आणि मुकाट मागून येत राहिला. आईनं न बोलता डब्यातली लाडवाची वाटी पुढे केली.

मॅकिनॉच्या पुलावर वारा जास्त असला की उंच गाड्यांना आणि ट्रेलरवाल्यांना पुलाच्या गाडीमागून हळूहळू नेतात. त्या दिवशी वारा पडलेला होता. पुलाच्या आतल्या लेनचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे, खाली पार पाणी दिसतं. आम्ही बाहेरची डांबरी लेन धरली. पूल संपेपर्यंत आरशात बघायचं काम माझ्याकडे होतं. आरशात आमचं घर सरळ रेषेत येत होतं.

रात्री पलीकडच्या सेंट इग्नेसमध्ये, स्ट्रेट्स स्टेट पार्कमध्ये मुक्काम केला. समोर पुलाचे दिवे. आईनं ट्रेलरच्या शेगडीवर पिठलं टाकलं. भांडी मोजून पाच. एक कढई, एक पातेलं, एक तवा, एक परात, एक चहाचं भांडं. काहीही कमी पडलं नाही.

परतताना पिटोस्कीला थांबलो. इथल्या किनाऱ्यावर षटकोनी नक्षीचे दगड सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचे ते जीवाश्म, मिशिगनचा राज्य-दगड. आई ओच्यात दगड गोळा करत होती, डोंबिवलीच्या शेजारणींना द्यायला. ट्रेलरच्या दाराशी आली तर बाबा काटा घेऊन उभे! दगड पिशवीत घालून लटकवले. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"दीड किलो. चालेल. पण पुढच्या डिकीत."